पहिलं ‘नको’

वडीगोद्रीहून जालन्याला येणाऱ्या बसमध्ये आज सकाळी मोसंबीचा वास भरला होता. कुणीतरी मागच्या सीटखाली दोन पोती सरकवली होती आणि अंबडच्या अलीकडे कुठेतरी एखादं फळ दबून फुटलं असणार. सालीचा तो कडवट, ओला वास नाकात गेला की जिभेच्या कडा आपोआप ओलावतात. कंडक्टर ओरडत होता, "कोणाचे हायेत हे पोते? तिकीट लागंल बरं!" आणि ज्याची पोती तो माणूस खिडकीबाहेर असा बघत होता, की जणू आयुष्यात त्यानं मोसंबी पाहिलीच नाही.

मोसंबीच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली म्हणायची. आमच्या भागात या दिवसांत रस्त्याच्या कडेला हिरव्या-पिवळ्या फळांचे ढीग लागतात, क्रेटच्या चळती उभ्या राहतात, आणि तोडणीला जाणाऱ्या माणसांच्या बोटांना आठवडाभर साबणानंही न जाणारा वास चिकटतो. माझे अण्णा दुसऱ्यांच्या बागांत तोडणीला जातात. लहानपणी त्यांच्या हाताचा वास घेऊन मी ओळखायचे, आज कामाला गेले होते की घरीच होते.

कॉलेजच्या फाटकातून आत आले तर फलकावर सूचना होती: परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी पूर्वतयारी वर्गाची तोंडी परीक्षा येत्या आठवड्यात. मी ती दोनदा वाचली. गेल्या वर्षी हे दिवस आले तेव्हा त्या परीक्षेच्या दाराबाहेर मी बसले होते.

आमच्या कॉलेजात दरवर्षी चार-पाच परदेशी मुलंमुली बी.ए.ला येतात. जालन्याला कशाला येत असतील, हा प्रश्न मलाही पडायचा. फी कमी, राहणं स्वस्त, आणि त्यांच्याच देशातला कुणीतरी आधी येऊन गेलेला, एवढं साधं कारण असतं. त्यांना आधी तीन महिने इंग्रजीचा वर्ग करावा लागतो. शेवटी तोंडी परीक्षा. पास झालं तर बी.ए.ला प्रवेश, नाहीतर परत घरी. आणि प्रत्येकाला इथला एक विद्यार्थी सोबतीला देतात, इंग्रजी बोलायला आणि गावाची ओळख करून द्यायला. त्याला ‘बडी’ म्हणतात.

वर्गावरच्या मॅडमनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "नको मॅडम, माझंच इंग्रजी कच्चं आहे."

"अगं, तुझंही सुधारेल. हो म्हण."

"नको ना मॅडम."

"कोमल, मी नाव लिहिते."

आणि त्यांनी लिहिलं. मला आतून किती आनंद झाला होता, ते मॅडमना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "बडी? तू कधी बडी झालीस गं? काल तर शेंबूड पुसत व्हतो तुझा."

माझ्या वाट्याला आली सेलीना. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिकची. उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली, मोठ्यानं हसणारी. तिला पोर्तुगीज यायचं, घरची माखुवा भाषा यायची, आणि इंग्रजी माझ्याइतकंच अडखळत यायचं. तिला इतिहास शिकायचा होता. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "या गावाला जालना का म्हणतात?" मला सांगता आलं नाही. एकवीस वर्षं या भागात राहून मी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता.

तिच्याकडे एक निळी वही होती. वर्गातले इंग्रजी शब्द एका बाजूनं, आणि वही उलटी करून दुसऱ्या बाजूनं ‘इथले नियम’. चप्पल दाराबाहेर. बसमध्ये बाईनं बाईशेजारी बसायचं. वयानं मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. वर्गातल्या पुस्तकात विमानतळावरचे आणि बर्फ पडतानाचे संवाद होते. सेलीना ते पाठ करता करता थांबायची आणि विचारायची, "कोमल, हे मी जालन्यात कुठे बोलू?" मग आम्ही पुस्तक मिटून भाजीबाजारात जायचो.

सप्टेंबरात मी तिला गावी घेऊन गेले. आईनं अंबाडीची भाजी केली होती, शेंगदाण्याचं कूट घालून. सेलीनानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तिच्याकडे कसलासा पाला आणि शेंगदाणे मिळून अशीच भाजी करतात म्हणे, मटापा. "सेम, सेम," ती आईला म्हणाली. आईला ‘सेम’ कळलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं लगेच दुसरी भाकरी पुढे केली.

"नो, थँक्यू," सेलीना म्हणाली.

"घे गं माय. एवढुशी तर हाये."

"नो, नो. फुल."

"आई, ती नको म्हणतेय."

"नको तं म्हन्तच असतंय माणूस. लाजू राह्यली ती." आणि भाकरी ताटात पडली. मागून अण्णा म्हणाले, "समुद्र वलांडून आली पोरगी, अन् एका भाकरीवर लावून देती का तिला?"

सेलीनानं ती संपवली. तिसरीही संपवली. जालन्याला परत येताना बसमध्ये ती पोट धरून बसली होती. अंबड मागे पडल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या आईला माझं उत्तर ऐकायचं नव्हतं, तर तिनं विचारलं कशाला?"

मला हा प्रश्न फार आवडला. मी खूप विचार करून, तोडक्या इंग्रजीत, तिला समजावलं. पहिलं ‘नको’ हे नको नसतं. ती रीत असते. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतं. समोरचा पुन्हा म्हणतो, आपण पुन्हा नको म्हणतो. खरं उत्तर तिसऱ्यांदा. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो थांबत नाही.

"आणि तो थांबला तर?"

"थांबत नाही गं कुणी."

तिच्या घरी, ती म्हणाली, नको म्हणजे नकोच. तिची आई एकदाच विचारते आणि भांडं उचलून घेते. मग तिनं निळी वही काढली, उलटी केली, आणि हलत्या बसमध्ये वाकड्या अक्षरात लिहिलं: पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं. मला अभिमान वाटला. इंग्रजीत मी कुणाला काहीतरी शिकवलं होतं.

आता वाटतं, नियम तर मी सांगितला, पण तो कुठे संपतो ते सांगायला हवं होतं. पण मलाच कुठे ठाऊक होतं?

नंतरच्या महिन्यात तो नियम तिनं सगळीकडे वापरून पाहिला, आणि गंमत म्हणजे तो सगळीकडे लागू पडला. कापडाच्या दुकानात भाव ऐकून ती "नको" म्हणून पायरी उतरली, तर दुकानदार मागून ओरडला, "ओ दीदी, या तं खरं! बराबर लावून देतो!" वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींनी तिच्या पहिल्या नकोवर कधी विश्वास ठेवला नाही. वर्गात मॅडमनी "सेलीना, तू वाचतेस?" म्हटलं की ती खाली बघून "नो मॅडम" म्हणायची, मॅडम म्हणायच्या "अगं, वाच की," आणि ती झकास वाचायची. दर खेपेला माझ्याकडे बघून डोळा मारायची. वहीतल्या त्या नियमापुढे तिनं चार-पाच बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

मधल्या एका रविवारी आम्ही पुन्हा गावी गेलो, तेव्हा आई अंगणात मोसंबी निवडत होती. अण्णा तोडणीवरून येताना गळलेली फळं आणतात, त्यातली बरी आई वेगळी काढते. सेलीनानं मला दुभाषी करून तिला विचारलं, की तुम्ही एवढा आग्रह का करता? आई थोडा वेळ हातातलं फळ फिरवत राहिली.

"आमच्या मायला लोक वरून वंजळीत पाणी टाकायचे," ती म्हणाली. "बागंत दिवसभर राबायची, पण घे, बस, खा, असं एकदा न्हाई म्हनलं कोणी तिला. मंग आपल्या दारात आलेल्या माणसाला आपण म्हनायचं. एकदा म्हनून काय व्हतंय? त्याला वाटलं पाह्यजे का हे मनातून म्हनू राह्यले."

आजीबद्दल मला हे ठाऊक होतं. पण भाकरीच्या आग्रहाशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मी ते इंग्रजीत सांगताना दोनदा अडखळले. त्या दिवशी जेवताना सेलीना एकदाच नको म्हणाली आणि दुसऱ्यांदा आईनं म्हणण्याआधीच ताट पुढे केलं.

ऑक्टोबरात परीक्षा आली. दोघे परीक्षक होते. एक आमचे विभागप्रमुख, मूळचे अंबडचेच. दुसऱ्या बाहेरून बोलावलेल्या बाई, करड्या केसांच्या, फार न हसणाऱ्या. बाहेरच्या पाहुण्या म्हणून प्रश्न त्याच विचारणार होत्या. आदल्या आठवडाभर आम्ही चित्रं बघून बोलायचा सराव केला होता. सेलीना उत्तम बोलायला लागली होती, माझ्यापेक्षा चांगलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. इतरांना प्रत्येकी पंधरा मिनिटं लागली होती. सेलीना पाच मिनिटांत बाहेर आली.

ती हसत होती. "खूप छान झालं. मी फार नम्र वागले."

"म्हणजे?"

"त्यांनी विचारलं, एखादं चित्र घेऊन बोलायला आवडेल का? मी म्हटलं, नो, थँक्यू मॅडम. मग विचारलं, तुमच्या घराविषयी काही सांगायचंय का? मी म्हटलं, नो, थँक्यू. मग, आम्हाला काही विचारायचंय का? नो, थँक्यू." ती माझ्या शेजारी बसली, ओढणी सारखी केली. "आता परत बोलावतील ना?"

तिनं तीन वेगवेगळ्या गोष्टींना तीन पहिली ‘नको’ दिली होती, आणि बाईंनी प्रत्येक वेळी ते खरं मानून पुढचं पान उलटलं होतं. मला तिला सांगायचा धीर होईना. ती दाराकडे बघत बसली. आतला शिपाई कपबश्या घेऊन बाहेर आला तेव्हा ती उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. असं दोनदा झालं. शेवटी मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडून तो नियम परत वाचला. खोडला नाही. नुसती बघत राहिली. "पण तू म्हणाली होतीस, थांबत नाही कुणी," ती हळूच म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी वाचनालयात जाऊन अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत. ‘आग्रह’ला काय लिहायचं? शब्दकोशात जे सापडलं ते भांडणासारखं वाटत होतं. विनंती लिहावं तर ती लाचारीची. जबरदस्ती तर नाहीच. तीन कागद फाडले. चौथ्यावर शब्दच गाळला आणि आईची भाकरी लिहिली: ती कशी पुढे येते, आपण काय म्हणतो, मग काय होतं. खाली लिहिलं, चूक सेलीनाची नाही, शिकवणारीची आहे.

विभागप्रमुख सरांनी तो अर्ज उभ्यानंच वाचला. वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "अरे देवा! मला वाटलं पोरगी घाबरली. कोमल, माझी सासू मला अजून चौथी पुरणपोळी वाढती, माझा डॉक्टर बोंबलू राह्यला तरी." मग ते गंभीर झाले. "पण गुण बाईंच्या हातात आहेत. त्यांची सहाची गाडी आहे. तूच सांग त्यांना."

"नको सर, मला नाही जमणार."

सर माझ्याकडे नुसते बघत राहिले. पुन्हा म्हणाले नाहीत. तेव्हा मला कळलं की आता वाट बघण्यात अर्थ नाही, आणि मी त्यांच्या मागून आत गेले.

बाईंची पिशवी बांधून टेबलावर ठेवलेली होती. माझ्या हातात अर्ज होता, पण अक्षरं दिसत नव्हती. मी बोलले, तेव्हाचं इंग्रजी कसं होतं ते न आठवलेलं बरं. एवढं सांगितलं, की माझी आई प्रत्येकाला तीनदा विचारते, कारण तिच्या आईला कुणी एकदाही विचारलं नाही. सेलीना आमच्या घरी जेवली. आमची रीत ती शिकली, माझ्याकडून. ती आत्ताही बाहेरच आहे. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून दाराकडे बघत बसली होती.

बाईंनी बांधलेली पिशवी बाजूला सारली. मग मराठीत म्हणाल्या, "पण मग तुम्हाला कळतं कसं, कुठलं नको खरं आहे ते?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. "माहीत नाही मॅडम. कळतं."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बोलवा तिला."

मला कोपऱ्यात बसू दिलं. बाईंनी चित्रांचे पत्ते टेबलावर पसरले आणि अगदी पहिल्यासारखंच विचारलं, एखादं घेऊन बोलायला आवडेल का? सेलीनानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येस."

तिनं चुलीपुढे बसलेल्या म्हातारीचं चित्र उचललं आणि स्वतःच्या आजीबद्दल बोलायला लागली. तिच्या आजीची काजूची झाडं आहेत. काजू भाजताना टरफलातून तेल उडतं, डोळे चुरचुरतात, आणि सोलणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. आजीच्या अंगठ्यावर ठसा उरलेला नाही. एकदा कुठल्याशा कचेरीत तिचा अंगठा कागदावर उमटेना, तर तिथला माणूस म्हणाला, ही बाई कोण हे कसं ठरवायचं? सेलीना तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला तेव्हापासून जाणून घ्यायचं आहे, की कागदावर न उमटलेल्या माणसांचा इतिहास कुठे ठेवलेला असतो. तिचं व्याकरण मधूनमधून घसरत होतं, एकदा पोर्तुगीज शब्द आला, एकदा चक्क "लई" आला. कुणी टोकलं नाही.

मी ऐकत होते आणि मला लाज वाटत होती. तीन महिने मी तिची बडी होते. जुलैत, पहिल्या आठवड्यात, मी तिला विचारलं होतं, तुझ्या घरी कोण कोण असतं? ती म्हणाली होती, "काही विशेष नाही सांगण्यासारखं." तिच्या रीतीप्रमाणे ते खरं असेल असं समजून मी सोडून दिलं, की मला माझंच गाव दाखवायची घाई होती? त्यानंतर मी आमच्या चपला, आमची भाकरी, आमचं नको तिला शिकवत राहिले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. आग्रह हा शब्द मी इंग्रजीत शोधत होते, आणि तो मी तिला मराठीतसुद्धा केला नव्हता.

दोन दिवसांनी फलकावर यादी लागली. सेलीनाचं नाव तीत होतं, इतिहासासमोर. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या आजीविषयी मी इतके प्रश्न विचारते की ती कंटाळते. यादी पाहताना काय वाटलं ते मात्र मला नीट आठवत नाही. त्याआधीची, त्या खोलीतली शेवटची दोन मिनिटं लख्ख आठवतात.

सेलीना बोलायची थांबली तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं. बाईंनी विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

"नो, थँक्यू मॅडम."

बाईंनी पेन उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. त्या सरांकडे बघायला लागल्या. सर माझ्याकडे. मीही सेलीनाच्या तोंडाकडे बघत होते, आणि खरंच सांगते, मला काही कळत नव्हतं.

"नक्की?" बाईंनी विचारलं. "थोडं आणखी?"

"नो, मॅडम."

"संकोच करू नकोस हं," सरांना राहवलं नाही. "असेल मनात तं बोल बिनधास्त."

सेलीनानं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उजवा हात पुढे केला आणि तळवा पालथा करून टेबलावर आडवा धरला, आमच्याकडच्या बायका वाढणारीला थांबवताना ताटावर धरतात, तसाच.

"सर," ती म्हणाली, "हे खरं आहे."